शेरा : स्वावलंबी

४ मार्च

ती. मावशी,

नमस्कार. वाकून करायला हवा, पण माझीही कंबर आता ऐकत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे. फोन केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. नीट टेकून बस आणि वाच. साहेब सापडला.

आपल्या दोघींच्या तोंडी साहेब एकच. आमच्या वृद्धसेवा खात्याचा जुना प्रमुख, ज्याने आईला मारलं. मी मारलं म्हणते, तूही म्हणतेस, बाकीचे सगळे दुर्दैव म्हणतात. आज दुपारी पुढच्या आठवड्यात अर्जदारांच्या घरी जाऊन करायच्या पाहण्या वाटल्या, आणि माझ्या वाट्याला त्याचं घर आलं. अर्ज त्याच्या बायकोचा आहे. पती एकट्याने उठू शकत नाहीत, घरी मदतनीस मिळावा. मी वाचला, परत वाचला आणि नळावर जाऊन तोंडावर पाणी मारून आले, कारण हसू आवरत नव्हतं.

तेव्हापासून डोळ्यांसमोर आईचीच पाहणी आहे. तुला सगळं सांगून झालंय, पण मला परत सांगायचंय, तेव्हा ऐक. भिंत धरधरून चालणारी बाई ती. पण पाहणीवाला येणार म्हटल्यावर काठी कपाटामागे टाकली, ठेवणीतले कपडे काढले, माझ्याकडून केस विंचरून घेतले आणि दार स्वतः उघडलं. घरी आलेल्या माणसासमोर काय रडगाणं गायचं, हे तिचं म्हणणं. त्याने विचारलं, आजी, आंघोळ? माझी मी करते. स्वयंपाक? मीच. जिना? न चढायला काय झालं. आणि वर त्याच्यासाठी चहा केला. बशीत कप खडखड वाजत होता तरी त्या शहाण्याला कळलं नाही. मी दारातून बोलायला गेले तर त्याने बोट वर केलं. नियम आहे, नातेवाइकांनी मध्ये बोलायचं नाही, वृद्ध व्यक्तीचं उत्तर अंतिम. चहा संपवून त्याने शेरा लिहिला, स्वावलंबी. आई इतकी खूश की शाळेत पहिला नंबर आल्यासारखी. तो गेल्यावर मात्र पलंगावर जी आडवी झाली, ती दुसऱ्या दिवशीही उठली नाही.

स्वावलंबी म्हटल्यावर मदतनीस कसला? मी कामावर असताना ती बाथरूममध्ये पडली आणि मी परत येईपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिली. शुद्धीत होती, मावशी. मला बघून म्हणाली, आधी तो नळ बंद कर, पाणी वाया जातंय. हॉस्पिटलातून ती घरी आली नाही.

मग मी साहेबाकडे गेले, कारण तो नियम त्याने लिहिलेला. त्याची भाषणं छापून यायची, की पोरं घरात फुकटची मोलकरीण मिळावी म्हणून आईबापांना पांगळं करून दाखवतात. अगदीच खोटं नाही ते, या नोकरीत मी स्वतः तसली पोरं पाहिली आहेत. पण त्याने मला बसासुद्धा म्हटलं नाही. कागदावरून मान वर न करता म्हणाला, "तुमच्या आई म्हणाल्या जमतं. तुम्ही त्यांना खोटं पाडायला आलात?" आणि शिपायाला हाक मारली.

त्यानंतर मी परीक्षा देऊन त्याच खात्यात शिरले, हे तुला माहीत आहे. कशासाठी शिरले, हेही तुला एकटीलाच माहीत आहे. मी जाणार, गोड बोलणार, आणि तो काहीही म्हणाला तरी तोच एक शब्द लिहून निघून येणार. दाद मागायची सोय त्यानेच ठेवलेली नाही. पडू दे त्याला फरशीवर.

तुझा आशीर्वाद लवकर पाठव.

तुझी,
ठकू


९ मार्च

चि. ठकू,

आशीर्वाद, आणि यावेळी चांगला मूठभर तिखट घातलेला. तुझं पत्र आलं त्या दिवशी दोन घास जास्त गेले मला.

आता माझं ऐक. तोंडाचा फुगा करून जाऊ नकोस, तुझ्या मनातलं आधी नाकावर दिसतं. चांगले कपडे घाल. साहेब, तब्येत कशी आहे, असं विचार. तू कोण हे त्याला कळलं पाहिजे, पण शेरा लिहून सही झाल्यावर, आधी नाही. आणि ऑफिसात कुणापाशी बोलू नकोस. तिथे कुणाला कळलं तर ही पाहणी दुसऱ्याकडे जाईल आणि आपण बसू हात चोळत.

लहानपणी मी ताईचे केस ओढून तिला रडवायची, ती मोठी असून. आईने विचारलं तर ताई म्हणायची, मीच आपटले दारावर. तिने जन्मात कुणाची तक्रार केली नाही. म्हणून तिच्या वाटणीची तक्रार मी करते. मला तिच्यासाठी रडताना कुणी पाहिलं नाही, पण राग मात्र आजही काल झाल्यासारखा आहे. मरायच्या आधी त्या माणसाची जिरलेली मला बघायची आहे.

माझी काळजी नको. तुमच्या खात्याची एक पोरगी मध्यंतरी माझ्याकडेही येऊन गेली. गोड होती. तिला फाटकापर्यंत सोडायला गेले मी. म्हणाली, आजी, तुम्ही तर आमच्याहून तरुण आहात.

अक्षर गिचमिड आलंय, हे पेन भिकार आहे.

तुझी,
मावशी


१८ मार्च

ती. मावशी,

नमस्कार. शेरा लिहिला नाही. शिव्या तोंडात आल्या असतील, त्या जरा धरून ठेव आणि पुढचं वाच.

मला वाटलं होतं बंगला असेल. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत आणि जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर पाठ भिंतीला लावायची. दार बायकोने उघडलं. वयाने तुझ्याएवढी. मनगटाला पट्टी आणि कमरेला ओझी उचलणारे बांधतात तसला रुंद पट्टा. आतल्या सगळ्या खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या, म्हणजे त्याला ओढत न्यायला मध्ये जागा हवी. खोली बघून माणूस ओळखायचा, हाच माझा धंदा आहे.

तो हातांच्या खुर्चीत बसला होता. अंगात कोट, दाढी गुळगुळीत, घरात पॉलिश केलेले बूट, आणि तेही उलटे, डाव्याचा उजव्या पायात. मला ओळखलं नाही. ओळखेल कसा, तेव्हा मान वर करून पाहिलं होतं का त्याने? मी तू सांगितलंस तशी तब्येतीची चौकशी केली आणि विचारायला लागले. आंघोळ? माझी मी करतो. जिना? रोज उतरतो, वर्तमानपत्र आणायला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तोंड उघडलं मात्र, त्याने बोट वर केलं. "नियम आहे. नातेवाइकांनी बोलायचं नाही." आणि माझ्याकडे वळून, ऑफिसात मजकूर सांगावा तसं, "लिहा. स्वावलंबी. मधला व विसरू नका, हल्लीची मुलं स्वालंबी लिहितात."

मावशी, जे त्याच्या बोडक्यावर मारायला मी गेले होते, ते तो हात पुढे करून मागत होता. अर्ज बायकोने त्याला न विचारता केलेला. त्याला मदतनीस नकोच आहे, त्याला तो शब्द हवा आहे. मी पेन टेकवलं आणि उचललं. लिहिलं असतं तर तो खूश झाला असता, आईसारखाच. त्याला खूश करायला मी इतकी वर्षं त्या खात्यात घासली?

आणि पडला तर तो एकटा कुठे पडणार, त्या बाईला खाली घेऊन पडणार. ती दारात तोंड दाबून उभी होती, तिथे मी उभी राहिलेली आहे. निघताना ती जिन्यापर्यंत आली. नुसतं मनगट माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, पाहणी पूर्ण झालेली नाही, मी परत येते.

सूड मला हवाच आहे. पण त्याला गोड लागेल असा नको. तूच सांग काय करू.

तुझी पाहणी झाली आणि तू ठणठणीत निघालीस, हे वाचून बरं वाटलं. एक घोर कमी.

तुझी,
ठकू


२६ मार्च

चि. ठकू,

आशीर्वाद. माझा चष्मा दुरुस्तीला गेलाय, म्हणून खालची शिवणवाली लिहून घेते आहे. मी बोलेन तेवढंच लिहायचं, मध्ये शहाणपणा करायचा नाही, असं आमचं ठरलंय.

विरघळलीस ना? मला माहीतच होतं. त्या बाईचं मनगट दिसलं आणि पाघळलीस. ताईची पाहणी झाली त्या संध्याकाळी त्या बाईने नवऱ्याला विचारलं होतं का, अहो, आज कुणाच्या आईचं काय केलंत? मला नाही येत तिची दया. आधी मी म्हणणार होते की जा आणि डोळे मिटून लिहून ये. पण तुझं म्हणणंही खरं आहे. मागितलेलं देणं याला सूड म्हणत नाहीत.

मी चार दिवस या गोष्टीचाच विचार केला. त्याला बोलायला लाव. मला जमत नाही, हे त्याच्या तोंडून काढ. खालच्या आवाजात नाही, नीट. दुसरं काही करू नकोस, त्याला तेवढंच पुरेल. ते तीन शब्द माणसाला किती जड जातात, हे तुला या वयात कळायचं नाही. दात काढून हातात दिलेले परवडले.

ते बोलला की मग दे त्याला काय द्यायचं ते मदतनीस-बिदतनीस. माझी ना नाही.

तुझी,
मावशी

ता. क. हे मावशींनी सांगितलेलं नाही. त्यांचा डोळा लागलाय म्हणून माझं मी लिहिते. चष्मा इथेच टेबलावर आहे. हात इतका कापतो की चमच्यातलं निम्मं अंगावर सांडतं. तुमच्या खात्याच्या बाईंना सोडायला त्या फाटकापर्यंत गेल्या हे खरं, पण परत येताना पायरीवरच बसून राहिल्या. मी आणि माझ्या नवऱ्याने उचलून वर आणलं. त्यांचा शेरा काय पडला असेल ते तुम्हाला सांगायला नको. मी येते अधूनमधून, पण मशीन सोडून सारखं येता येत नाही. मी कळवलं हे त्यांना सांगू नका, मला जिन्यात उभं करणार नाहीत.


७ एप्रिल

ती. मावशी,

नमस्कार. झालं. सगळं सांगते.

आमच्या नियमांत एक कलम आहे, दिनक्रम पाहणी. उत्तरांविषयी शंका असेल तर घरच्यांना बाहेर पाठवायचं आणि वृद्ध व्यक्ती आपलं आपण काय करते, हे अधिकाऱ्याने दुपारभर बसून बघायचं. मदत करायची नाही. सोंग घेणाऱ्यांना पकडायला साहेबानेच केलेलं कलम. अख्खी दुपार जाते म्हणून आमच्यात ते कुणी वापरत नाही. मी वापरलं.

बाईंना म्हटलं, तुम्ही बाहेर जाऊन या. कुठे जाऊ, म्हणाल्या. पर्स घेतली, ठेवली, पुन्हा घेतली आणि शेवटी गेल्या. मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. म्हटलं, साहेब, तुमचं चालू द्या, मी नुसती बघणार.

त्याला ते आवडलं. त्या कलमाबद्दल त्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. थोडा वेळ वर्तमानपत्र धरून बसला. मग पाणी हवं झालं. जग पलीकडच्या टेबलावर होता. हातांवर भार दिला, अर्धा उठला, बसला. पुन्हा तेच. मग मला म्हणाला, तेवढं पाणी द्या. मी म्हटलं, अधिकाऱ्याने मदत करायची नाही, तुमचंच कलम. तुझ्यापाशी काय लपवायचं, मला आनंद होत होता. पाय हलवत बसले होते मी, सिनेमाला बसावं तशी.

पुढे त्याला लघवीची घाई लागली. गुडघे आवळायला लागला त्यावरून कळलं. म्हणाला, हिला बोलवा. मी म्हटलं, स्वावलंबी माणसाला कोण लागतं? तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं. आईचं सांगितलं, फरशीचं सांगितलं, त्याने शिपायाला हाक मारली तेही सांगितलं. हा क्षण मी किती वर्षं मनात घोळवलाय, तुला माहीत आहे. त्याचा चेहरा पडेल, हात जोडेल, नाहीतर निदान चिडेल. त्याला आठवलंच नाही. कपाळाला आठ्या घालून खरंच प्रयत्न केला त्याने, आणि म्हणाला, "अशा पुष्कळ यायच्या."

पुष्कळ. माझ्या कानातून तो शब्द अजून जात नाही. मी म्हटलं, साहेब, एक वाक्य बोला, लगेच बाईंना बोलावते. कोणतं वाक्य ते त्याला बरोबर कळलं. बोलला नाही. विजार ओली झाली तरी बोलला नाही. ओल बुटापर्यंत उतरली आणि तो कोटाची बटणं सरळ करत राहिला. मी बसून राहिले. शेवटी छातीशी हनुवटी लावून म्हणाला, मला जमत नाही. मी म्हटलं, उत्तर स्पष्ट हवं, नियम आहे. तेव्हा तो मोठ्याने म्हणाला. "मला जमत नाही." मी त्याच्यासमोर शेरा लिहिला, पूर्ण अवलंबून, आणि त्याला वाचून दाखवला. सोमवारपासून मदतनीस दोन्ही वेळेला येईल.

मग बाईंना फोन केला. त्या तिथेच खाली जिन्यात बसल्या होत्या. वर येऊन त्यांनी खुर्चीखालचं ओलं पाहिलं आणि मग मला पाहिलं. आभार मानतील असं मला उगाच वाटत होतं. "डावीकडून धरा," एवढंच म्हणाल्या, मोलकरणीला सांगावं तसं. मी धरला. काखेत हात घालून उचलला. वजन काहीच नाही गं त्याला. दोघींनी मिळून बाथरूममध्ये नेला, बूट काढले, पाय धुतले. आणि ते धुताना मला असा संताप आला की पहिला त्याच्यापुढे काहीच नाही. याला धरायला मी होते. आईला धरायला कुणी नव्हतं. उद्या याला दोन माणसं उठवतील, बसवतील, आणि ते सगळं मीच लिहून दिलंय. मी जिंकले की नाही, तूच ठरव.

आता तुझं. हे पत्र तुला शिवणवालीच वाचून दाखवणार, तेव्हा बाई, इथून पुढे जरा मोठ्याने वाचा आणि आधी दार लावून घ्या, मावशी उठून जातील. मावशी, तुझी दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली. एकात पेन भिकार, दुसऱ्यात चष्मा दुरुस्तीला. हाच धंदा करणाऱ्या बाईला तू हे लिहितेस आणि मी मठ्ठ, तू ठणठणीत म्हणून खूश झाले. तुझ्या कागदावर आमच्या पोरीने काय शेरा मारलाय तो मी ऑफिसात बघितला. माझ्या आईच्या सख्ख्या बहिणीने तेच नाटक केलं, तेही सगळं माहीत असताना. साहेबाचा राग आला नाही इतका तुझा आला.

मी येणार आहे. आणि बऱ्या बोलाने खरं सांगितलं नाहीस तर तुझ्याही समोर खुर्ची टाकून बसेन. माझी तयारी झालेली आहे.

तुझी,
ठकू


१२ एप्रिल

ठकू,

आशीर्वाद. तो लिहू नको म्हणून शिवणवालीला सांगितलं होतं, तिने तरी लिहिला. असू दे.

म्हाताऱ्या मावशीला धमक्या देतेस. मी काही त्या साहेबासारखी खुर्चीत बसून भिजणारी नाही, तुझ्यासमोर तर मुळीच नाही. त्या पोरीला सोडायला गेले, गेले. घरी आलेली पोर, तिला काय दारातून वाटेला लावायचं? तू खात्यातून आणखी कुणाला पाठवलंस तर तिलाही सोडायला जाईन. माझ्या पायांचं मी बघेन.

त्याच्याकडून मोठ्याने बोलवून घेतलंस ते झकास केलंस. ताईला आवडलं नसतं, तिने उलट त्यालाच पाणी नेऊन दिलं असतं. मला आवडलं. मी ते वाक्य तीन वेळा वाचायला लावलं. पण जिंकलीस का विचारतेस, तर नाही. अजून नाही. त्याला ताई आठवत नाही. पुष्कळ यायच्या म्हणे. त्याला आता दोन वेळा उठवायला-बसवायला माणूस आहे, आणि आमची ताई त्याच्या लेखी कोणीच नाही, हे मी सहन करणार नाही.

मी ठरवलंय. त्याला पत्रं लिहायची. दर आठवड्याला एक. शिव्याशाप नाहीत, नुसती ताई. ती कशी होती, तिला काय आवडायचं, भांडी घासताना काय गुणगुणायची, माझ्यासाठी कितीदा खोटं बोलली. प्रत्येक पत्रावर वर तिचं नाव, जाड अक्षरात. त्याची बायको वाचून दाखवेल, नाहीतर तो नवा मदतनीस दाखवेल. त्याला उठून जाता येणार नाही. ती त्याला स्वतःच्या आईसारखी पाठ होईपर्यंत मी थांबणार नाही. मरेन तेव्हा पुढची तू लिही.

परवा सुरुवात केली होती. हे शिवणवालीकडून लिहवून घ्यायचं नाही, ताईचं आहे, म्हणून स्वतःच बसले. तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढायला गेले आणि पेन कागद फाडून टेबलावर गेलं. दुसरा कागद घेतला, तोही फाटला. सगळा गठ्ठा संपवला मी, ठकू, तिचं नाव उमटलं नाही.

तू ये. रजा घे, नोकरी सोड, काय वाटेल ते कर, पण ये आणि राहा. मी सांगेन, तू लिहायचं. घे, तुला ऐकायचं होतं ना, शिवणवाली साक्षीला आहे आणि मी मोठ्याने बोलते आहे. मला जमत नाही.

तुझी,
मावशी